कोर्लईची बोली

मोरीत ताटली आदळली आणि घरातला अबोला फुटला. सेलिना आणि जेरोम आपल्या कोर्लईच्या पोर्तुगीज बोलीत तावातावाने भांडले. महाडला आल्यापासून ती बोली एवढ्यापुरतीच उरली होती. शेजाऱ्यांना कळत नाही, पोरीला तर नाहीच. पोरीशी मराठीतच बोलायचं, शाळेत कुणी हसायला नको.

जेरोम तणतणत कामावर गेला. सेलिनाने डोळे पुसले आणि लिव्हियाला जवळ ओढलं. "उद्या कोर्लईहून आजी येतेय. नातीच्या तोंडून आपली बोली ऐकायचीय तिला. दोन शब्द शिकवते, बोलशील ना गो?"

"बोलेन," लिव्हिया म्हणाली आणि घुटमळली. "पण आई, मला कुठे आजीचा राग आलाय?"