उलटं तळं

वॉलपेपरच्या शेवटच्या पट्टीवरून फडकं फिरवून लेक मागे सरकली. दातांच्या नव्या दवाखान्यातली, खुर्चीमागची अख्खी भिंत आता तळं झाली होती. बर्फाचा डोंगर, काळीशार झाडं आणि पाण्यात तस्साच दुसरा डोंगर. तिची पहिली भिंत. एकटीनं लावलेली.

बाबा दारातच थांबले, एक हात कमरेवर ठेवून. कंबर धरल्यापासून त्यांची शिडी सुटली, म्हणून तर ही भिंत तिच्या वाट्याला आली. जमली तर पुढची सगळी कामं तिची. नाही जमली तर परत खळ कालवायला बसायचं, असं ठरलं होतं.

"बोला ना काहीतरी, बाबा."

बाबांनी बोट वर केलं. छताजवळ, ऐन आभाळात, एक पिवळं पान होतं. त्याच्याभोवती बारीक बारीक वलयं.

पान तर तळ्याच्या पाण्यावर तरंगायला हवं होतं. पाचही पट्ट्या तिनं टेबलावर पालथ्या घालून खळ लावली होती. वरची बाजू दाखवणारे मागचे बाण खळीखाली बुजले, आणि कडा एकमेकींना इतक्या गोडीनं भिडत गेल्या की शंका यायला जागाच उरली नाही. पाणी वर, डोंगर खाली.

बाबा रागावले नाहीत, तेच जास्त वाईट. तीस वर्षांत भिंतींवर लावलेले धबधबे, वाळवंटं, बर्फाच्या गुहा ते बोटांवर मोजत राहिले. जगात पाहायलाच हवीत अशी जेवढी ठिकाणं कॅटलॉगात होती, तेवढी सगळी त्यांच्या हातांखालून गेली होती. एकही डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण एकही उलटं लावलं नव्हतं. मग म्हणाले, ओली आहे तोवर सोलून काढ, डॉक्टरबाई येतीलच. सोलली की फाटणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिनं कोपऱ्याखाली नख घातलं. बाबांना उभं राहवेना, म्हणून ते पेशंटच्या खुर्चीत टेकले. कोपर कुठल्याशा बटणावर पडलं, खुर्ची घूं करत मागे कलली आणि बाबा सपशेल आडवे झाले. ती धावली.

बाबा मान मागे टाकून भिंतीकडे बघत होते. हलेचनात.

"पोरी," ते म्हणाले, "पान पाण्यात पडलंय."

कमरेचं दुखणं डोक्यात गेलं की काय, असंच तिला वाटलं. बाबांनी तिच्या खांद्याचा आधार घेऊन खुर्ची रिकामी केली आणि नुसतं बसायची खूण केली. ती आडवी झाली. मान मागे टाकली. डोंगर आभाळात गेला, पान तळ्यात उतरलं.

डॉक्टरबाई आल्या त्या दारातच थबकल्या. त्यांची नजर पानावर गेली आणि कपाळाला आठी पडली. बाबा सांगायला पुढे होणार, तेवढ्यात लेक खुर्चीतून उठली.

"बाई, उभ्यानं नका बघू. इथे येणारं कोण उभं राहणार आहे? या, आडव्या व्हा."

त्या खुर्चीत डॉक्टरबाई स्वतः कधी झोपल्या नव्हत्या. पर्स पोटाशी धरून त्या झोपल्या. मान मागे टाकली.

'आ करा' असं कुणीच म्हटलं नव्हतं. तोंड आपसूक उघडलं.