पूर्ण नाव

उर्मिला टिपणीस स्वतःच्याच दारात उभी होती आणि दार उघडत नव्हतं. आपल्या आवाजात पूर्ण नाव उच्चारणं हीच सही झाल्यापासून घरंही आवाज ओळखूनच उघडत.

“घर काल विकलं गेलंय, वहिनी,” सोसायटीचे सेक्रेटरी चाचरत म्हणाले. “तुमच्याच आवाजात संमती आहे.”

“अहो, काल मी कुणाशी बोललेसुद्धा नाही!”

मग तिला संक्रांतीचं हळदीकुंकू आठवलं. गृहकर्जाचे हप्ते थकले होते आणि जप्ती थांबवून देते म्हणणारी ती गोड बाईही वाण घ्यायला आली होती. परक्यापुढे पूर्ण नाव उच्चारायचं नाही, हे उर्मिला कटाक्षाने पाळत असे. पण ती बाई म्हणाली, “इश्श, उखाणा नाही? आणि कोण घेतंय तेही ऐकू दे की!” सगळ्याजणी हसल्या. उर्मिलेने लाजत नवऱ्याचं नाव घेतलं आणि मागोमाग आपलं पूर्ण नावही.

तिने घाईघाईने हॉस्टेलवरच्या मुलीला फोन लावला.

“रेवती, कुणालाही तुझं पूर्ण नाव सांगू नकोस.”

“असं काय गं करतेस, आई?” रेवती हसली. “मघाशी फोन करून तूच तर विचारलंस. सांगितलं की!”