पाईपच्या तोंडावरचं घर

“तेवढं एक राहू द्या, मामा,” तेजस्वी खालून म्हणाली.

स्टुलावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा हात थांबला. दोन्ही खिडक्या, माळ्याचा कोपरा, कपाटाची मागची बाजू, सगळीकडची मातीची घरं त्यानं दोन तासांत खरवडून काढली होती. उरलं होतं ते न्हाणीघराच्या भिंतीतून गॅलरीत निघालेल्या पाईपच्या तोंडावरचं. मुठीएवढं, चांगलं वाळलेलं. गॅसच्या गीझरचा धूर बाहेर सोडायचा तो पाईप.

“ह्येच तर काढाय पायजे,” तो म्हणाला.

सकाळी अकराला त्यानं दार वाजवलं होतं. कुंभारीण माशीची मातीची घरं काढतो म्हणाला. खालनं जाताना तुमचा पाईप दिसला. पिशवीत उलथनं, तार आणि घासलेला ब्रश. मंगळवार पेठेत दारावर असं कोणी ना कोणी येतंच. शिवाय शेजारच्या विठाबाई जिन्यात भाजी निवडत बसल्या होत्या, म्हणून तेजस्वीनं त्याला आत घेतलं. “मालक कवा येत्यात?” एवढंच त्यानं विचारलं. दोनला जेवायला, ती म्हणाली. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि स्टूल मागितलं.

“विठाबाई म्हणत्यात, कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो,” तेजस्वी म्हणाली. “आम्ही जूनमध्ये ऱ्हायला आलो. हिनं इथं घर केलं आणि पंधरा दिवसांत मला कळलं.” तिचा हात आपसूक पोटावर गेला. “मोडवत न्हाई ओ.”

म्हातारा खाली उतरला. स्टुलावरच बसला.

“बाळंतपणाला कोण हाय घरात?”

“माहेरी जाणार की, कागलला. इकडं कोणच न्हाई. सासू-सासरे आमच्या लग्नाआधीच गेले.”

“हां,” म्हातारा म्हणाला. ब्रशला चिकटलेली माती तो अंगठ्यानं काढत राहिला. मग म्हणाला, “गीझर चालू हाय न्हवं?”

“ह्यांना आवडत न्हाई तो. हातच लावू देत न्हाईत. का म्हणून विचारलं की गप्प बसत्यात.” ती हसली. “बादलीत विजेची कांडी टाकून पाणी तापवतो आम्ही. पण आता मला बादल्या उचलवत न्हाईत. काल शेजारच्यांकडनं सिलिंडर जोडून घेतलाय. ह्यांना म्हाईत न्हाई. चार दिवसांवर दिवाळी आली, पयल्या आंघोळीला एकदम चालू करणार.”

म्हातारा उठला.

“पोरी, हे बुजलंय,” पाईपकडं बोट करून तो म्हणाला. “धूर बाहेर जाणार न्हाई. आत न्हाणीत कोंडणार. त्या धुराला वास बी नसतोय.”

“एवढ्याशा मातीनं?”

“माझी लेक गेली एवढ्याशा मातीनं.”



“लग्नाला सहा वर्सं झालती, पदरात काय नव्हतं. दिवाळीला माहेरी आली. आमच्या पाईपवर कुंभारणीनं असंच घर केलतं. पोरगा काढाय शिडीवर चढला. मी त्येचा हात धरला. म्हटलं, बहिणीच्या नशिबानं आलंया, मोडू नगंस.” तो तारेचं वेटोळं उलगडत होता. “पयल्या आंघोळीला आत गेली ती गेलीच. दार फोडलं. डॉक्टर म्हणाला, दोन महिन्यांची होती. तिला सुदिक ठावं नव्हतं.”



“आणि तुमचा पोरगा?” तेजस्वीनं विचारलं.

“त्यो बी गेला.”

तिनं पदर तोंडाला लावला. मग स्वतःच स्टूल पाईपखाली सरकवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. “काढा, मामा,” ती म्हणाली.

पहिल्या घावाला माती फुटली. आतून मेल्यासारख्या हिरव्या अळ्या पडल्या आणि कुंभारणीचं एक पांढरट पिल्लू. तेजस्वीनं मान फिरवली. म्हाताऱ्यानं तार पाईपमध्ये पार आतपर्यंत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. फुंकून बघितलं. तिला न्हाणीघरात पाठवून पाईपच्या आतल्या टोकाशी हात धरायला लावला आणि बाहेरून परत फुंकलं. “लागतोय वारा?” “लागतोय.” “नीट बघ.” “लागतोय की, मामा.” तरी त्यानं तिसऱ्यांदा तार घातली. मग पाईपच्या तोंडाला जाळी बसवली. जाळी त्यानं मापाची कापूनच आणली होती.

“न्हाताना दार घट्ट लावू नगंस. खिडकी उघडी ठेव,” तो म्हणाला. “आणि मालकाला सांगून टाक. लपवू नगंस.”

खाली मोटारसायकल थांबली. घड्याळात पावणेदोनच झाले होते. म्हाताऱ्यानं घाईनं उलथनं पिशवीत कोंबलं, पण तोवर तेजस्वीचा नवरा विजयसिंह जिना चढून दारात आला होता.

“हे मामा कुंभारणीची घरं काढायला आलेत,” तेजस्वी म्हणाली. “आज देवासारखे आले बघा. मी गीझर जोडून घेतला होता, तुम्हाला न सांगता. पाईप पार बुजला होता. बसा मामा, च्या घेतल्याशिवाय जायचं न्हाई.” ती डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली.

विजयसिंह गॅलरीत गेला. जाळीवर बोट दाबून बघितलं. खाली पडलेली माती बघितली. पाठमोऱ्यानंच त्यानं विचारलं,

“तार आत घातली?”

“तीनदा.”

आत चहाचं भांडं वाजलं. विजयसिंहानं पिशवी उचलून म्हाताऱ्याच्या हातात दिली. त्याच्याकडं न बघता, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “आईला सांगा, मी बरा हाय. आणि तेजस्वी बाहेर यायच्या आत जावा, आबा.”