वजडी कुणी धुतली?

चर्च सुटल्यावर मिस ओझेला वर्नीसच्या खाणावळीत शिरल्या. खुर्चीवरून रुमाल फिरवला, रुमालाकडे निरखून पाहिलं आणि मगच बसल्या. रुमाल स्वच्छ निघाला, याचाही त्यांना राग आला.

निम्मं चर्च तिथं जेवत होतं. दोन नवऱ्यांना सोडलेली बाई रांधते काय आणि गाव मिटक्या मारत गिळतं काय! आणि आता तिला तिसरा हवा होता, तोही त्यांचाच मुलगा लव्हेल. हा पंचेचाळिशीचा घोडा आई हो म्हणेपर्यंत अंगठी खिशात घेऊन हिंडत होता. आज आईला इथं घेऊन आला होता तो त्याच आशेनं.

वर्नीसनं स्वतः ताट आणलं. कॉलर्डची पालेभाजी, मक्याचा पाव आणि व्हिनेगर शिंपडलेली डुकराची वजडी, वाफाळती.

"पावात साखर घातलीस?"

"आमच्या घरी कुणी घालत नाही, मिस ओझेला."

"तुमच्या घरी काय काय चालतं, ते देवालाच ठाऊक."

भाजी त्यांनी चाखली. दाताखाली वाळू आली नाही, तशी त्यांनी वजडीची बशी दोन बोटांनी दूर सारली. आसपासचे काटे थांबले. कोंबडी माणूस कुणाच्याही हातची खातं. वजडी म्हणजे आतडी; ती खायची ज्या घराच्या स्वच्छतेची शपथ घेता येईल, त्याच घरची. बशी सारल्यावर वर्नीसला वेगळी शिवी द्यायची गरजच नव्हती.

"मम्मा, एक घास तरी," लव्हेल पुटपुटला.

"ज्याच्या त्याच्या हातची वजडी मी खात नाही," मिस ओझेला सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "कुणी धुतली सांगा. आईनं त्याला काय वळण लावलं, ते मी सांगते."

वर्नीसनं तोंड उघडलं, पण लव्हेलकडे पाहून मिटलं.

"मी धुतली," लव्हेल म्हणाला. "दर शनिवारी मीच धुतो."

मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. मिस ओझेलांनी मान वळवताच ते हसू घशातच राहिलं.

"तू? माझ्या घरात स्वतःचा पेला कधी विसळला नाहीस!"

"तू कधी सांगितलंच नाहीस, मम्मा."

आता बशी दूरच ठेवणं म्हणजे आपल्याच घरावर थुंकणं होतं. त्यांनी काट्यावर एक तुकडा उचलला, उजेडात उलटसुलट केला. चरबीचा कण नाही, मळाचा ठिपका नाही. इतकी साफ त्यांना स्वतःला कधी जमली नव्हती, आणि हेच फार झोंबलं. घास तोंडात घातला. सावकाश चावला. सगळी खाणावळ त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"बघतेस काय माझ्याकडे?" त्या वर्नीसवर खेकसल्या. "ठेवून घे त्याला. माझ्या घरी कधी काही कामाला आला नाही मेला."

आणि त्यांनी दुसरा तुकडा उचलला.