मेलेल्या मातीचा परवाना

निरीक्षकाने कुमुदिनीच्या अंगणात सुई रोवली आणि यंत्राचा दिवा हिरवा लागला. “माती जिवंत आहे, वहिनी. फाटकापासून दारापर्यंत काँक्रीट घालायचा परवाना मिळणार नाही.”

शेजारच्या सामंतबाईंची माती मेलेली निघाली, म्हणून त्यांना तो मिळाला होता. त्यांची गाडी गुळगुळीत काँक्रीटवरून आत सरकली, की कुमुदिनीच्या पोटात दुखायचं.

मग महिनाभर ती अंगणात मिठाचं उकळतं पाणी ओतत राहिली. पुढच्या तपासणीत दिवा लाल लागला.

परवाना मिरवायला ती सामंतबाईंकडे गेली. तो वाचून त्यांचा चेहराच उतरला.

“सकाळी तुम्ही सडा घातलात की मातीचा वास यायचा. फार हेवा वाटायचा तुमचा,” त्या म्हणाल्या. “हे काँक्रीट उखडून, आमची माती पुन्हा जिवंत करायला तुमच्याकडची घमेलंभर माती मागणार होते मी.”