वाकलेली पिन

नवीन जालन्याबाहेर बंद पडलेल्या अ‍ॅसबेस्टॉस पत्र्याच्या कारखान्याचं जुनं दप्तर बघायचं, तर वामनकाकांची मनधरणी करावी लागे. तीस वर्षं तेच तिथले कारकून. अंबरीनचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. तिचे आजोबा, लालमियाँ, पत्रे कापता कापता दम लागून गेले, आणि काकांच्या रजिस्टरात मात्र दरवर्षी त्यांच्या नावापुढे ‘छाती साफ’.

भरपाईच्या दाव्यासाठी तिला आजोबांच्या छातीचा एक्स-रे हवा होता. महिनाभर टोलवणाऱ्या काकांनी आज दुपारी तो न शोधताच काढून दिला. तिला खटकलंच ते.

तिने फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. दोन्ही फुप्फुसांवर पांढुरकं जाळं पसरलं होतं. कोपऱ्यात फिल्ममध्येच उमटलेला आजोबांचा हजेरी क्रमांक आणि साल, १९८८. तिच्या जन्माच्या दहा वर्षं आधीचं. सगळं बरोबर. फक्त डाव्या खांद्याजवळ एक सेफ्टी पिन दिसत होती, मधोमध वाकलेली.

“काका, गड्यामाणसाच्या अंगावर पिन कुठून आली? तुम्ही फिल्म बदलली ना?”

“म्या कशाला बदलू? हीच हाय ती.”

सकाळी रिक्षाच्या दांड्यात तिची ओढणी अडकली होती. तिचा हात सावकाश डाव्या खांद्यावर गेला आणि तिथली वाकडी झालेली पिन बोटाला लागली.

काका कपाटाला कुलूप लावत होते. मागे वळून न बघताच ते म्हणाले, “पिन काढून ठेव म्हणून त्या दिशी ह्यो फोटू काढतानाबी सांगितल्तं तुला, बेटा. तू ऐकलंच न्हाई.”