तिसरी रेघ

"डॉक्टर सुकन्या आपणच का?" साहेबांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"मीच," पंकजा म्हणाली आणि खुंटीवरचा पांढरा कोट तिनं अंगात चढवला. पुढची बटणं काही लागेनात. सातवा महिना होता. हातातला झाडू तिनं पायानंच कपाटाखाली सारला. दांडा तेवढा बाहेर राहिला.

साहेब म्हणजे वाल्मिकराव, पुण्याच्या एका संस्थेचे तपासनीस. संस्थेचा करार साधा होता. शेवगावच्या पूर्वेकडच्या या कोरड्या गावात डॉक्टरनं पाच वर्षं काढायची आणि त्या बदल्यात संस्थेनं तिचं शिक्षणाचं कर्ज फेडायचं. मात्र अचानक तपासणीला डॉक्टर तीनदा जागेवर सापडली नाही, तर करार खलास, वर फेडलेला पैसाही परत. हे चौथं वर्ष. दिवाळीपासून दोन साहेब येऊन दोन लाल रेघा मारून गेले होते. आज तिसरी पडली की डॉक्टरताईंना गाशा गुंडाळावा लागणार, आणि पंकजाच्या बाळंतपणाला कुणी उरणार नाही.

ताईंचा फोन सकाळपासून लागत नव्हता. उसाच्या फडात रेंज कुठली?

पंकजा दवाखान्याची मदतनीस. झाडायचं, पुसायचं, पेशंटची नावं लिहून घ्यायची, एवढंच तिचं काम. पण माणूस जोखण्यात ती घोडेगावच्या गुरांच्या बाजारातल्या दलालाला हार जाणारी नव्हती. साहेब खुर्चीत टेकेपर्यंत तिचा हिशोब मांडून झाला होता. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, म्हणजे पैसे खाणारा गडी नव्हे. बुटांना ओला काळा चिखल. इथं तर नुसता मुरूम! म्हणजे पाणीवाल्या गावचा बागायतदार, याला आमचं काय कळणार? आणि मांडीवर गच्च धरलेली ती कापडी पिशवी. करार मोडल्याची नोटीस असणार, दुसरं काय.

साहेबांनी काखेतलं रजिस्टर टेबलावर ठेवलं, पण उघडलं नाही.

"फॉर्मवर तुम्ही अविवाहित आहात."

"फॉर्म चार सालाचा जुना. डॉक्टरनं लगीन करू न्हाई, असं हाय का करारात?"

"नाही, नाही. अभिनंदन. कॉलेज कुठलं तुमचं?"

"मोठं हुतं."

"नाव?"

"तुमच्याच कागदावर असंल की. का त्यो बी जुनाच?"

साहेबांनी मान हलवली आणि बाहेर बाकावर बसलेल्या आसारामतात्यांना हाक मारली. "काय बाबा, डॉक्टरबाई रोज असतात का इथं?"

"रोज? आवो, झोपत्यात बी हितंच!" तात्या आत येत म्हणाले. "परवा माझा मोतीबिंदू ह्यांनीच काढला. ह्याच टेबलावर."

पंकजानं डोळे वटारले. तात्यांनी घाईघाईनं भर घातली, "बारकाच हुता."

साहेबांना खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. पंकजानं पाणी दिलं. पाणी पिऊन, डोळे पुसून ते म्हणाले, "येताना घराघराला कुलपं दिसली."

"दसऱ्यालाच गाव गेलं ऊसतोडीला, नेवाशाकडं. दोनशे सत्तर मानसं. मागं ऱ्हायली एक्केचाळीस म्हातारी."

"म्हणजे दवाखान्यात गर्दी नसेल."

इथं पंकजाचं डोकं फिरलं.

"गर्दीला काय झालं? कुलपं हायत की! करारात लिवलंय न्हवं, गावातच बसा म्हनून? मंग बसायचं आन् कुलपं तपासायची. लई ठणठणीत हायत. एकाला ताप न्हाई."

"नियम आहे तो, बाई."

"आसंल. दोन सालामागं माझी जाऊ फडात बाळंत झाली, उसाच्या वाळल्या पाचटावर. रगात थांबंना. मुकादम म्हनला, ऊस खाली केल्याबिगर टेम्पो मिळायचा न्हाई. गेली ती. तवा डॉक्टर हुती हितं, नियमापरमानं, कुलपांपाशी. त्या सालापासनं ताई टोळीसंगं जात्यात. पाल्याच्या कोपीत ऱ्हात्यात, पाचटावर निजत्यात. मारा रेघ! लाल मारा, जाड मारा. पर म्होरं लिवा, मानसांपाशी हजर, कुलपांपाशी गैरहजर."

ती थांबली. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की डॉक्टर सुकन्या आत्ताच स्वतःला ताई म्हणून बसली आहे.

तात्यांनी हळूच पाय मागं घेतला आणि बाकाची वाट धरली.

वाल्मिकरावांनी रजिस्टर उघडलं, पान काढलं आणि तिच्यापुढं फिरवून पेन ठेवलं.

"करा सही, डॉक्टरबाई."

आता माघार कसली? पंकजानं पदर खोचला, हनुवटी वर केली आणि पेन उचललं. दोन लाल रेघांच्या खाली आजची तारीख होती. पण चौकट रिकामी नव्हती. तिथं साहेबांच्या अक्षरात 'हजर' लिहिलेलं होतं. शेजारी सकाळी सातची वेळ, आणि त्याखाली ताईंची ती कुणालाही न लागणारी गिचमिड सही. जागेच्या रकान्यात एकच शब्द होता, 'फड'.

तिनं मान वर केली, तर साहेबांनी पिशवीची गाठ सोडली होती. म्हाताऱ्यांच्या नावांच्या औषधाच्या पुड्या ते एकेक करून टेबलावर मांडत होते. सगळ्यात वरची पुडी त्यांनी तिच्याकडं सरकवली. वर ताईंचंच अक्षर होतं: 'पंकजा. रोज एक, जेवणानंतर. आणि झाडू कपाटाखाली सारत जाऊ नकोस, काढताना वाकावं लागतं.'